दोन घरांतली रायफल

"रायफलची नळी एकटी माझ्या भावाच्या घरात जाऊ देऊ नकोस," व्हर्ला आत्या म्हणाली होती. सासूबाईंना पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात आम्ही दोघी भांडी पुसत होतो. भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर नावं लिहिलेली, कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. ती रायफल आपल्या मुलाला मिळायला हवी होती, असं तिच्या मनात होतं. ते घराण्यात सगळ्यांनाच ठाऊक. मला वाटलं, हिचं ते जुनंच दुखणं. मी "हो हो" म्हटलं आणि पुढची थाळी घेतली.

रायफल सासऱ्यांच्या वडिलांची. बावीस बोअरची, खारी मारायची. एकदा भरली की चाप ओढत राहायचं, पुढची गोळी आपोआप वर येते, रिकामी पुंगळी खाली पडते. पीळ दिला की तिचे दोन तुकडे होतात: पुढे नळी, मागे अक्रोडाचा दस्ता. गोळ्या दस्त्यात भरायच्या. स्टॅम्पर घराण्याची रीत अशी की, बापाने रायफल मुलाला दिली की नळी मुलाच्या घरी जाते आणि दस्ता बापाकडेच राहतो. सप्टेंबरात शिकार सुरू होते, त्या पहाटे दोघं स्वयंपाकघरात बसून ती जोडतात. म्हणजे एकट्याने रानात जायची सोयच नाही.

मार्च चालू होता. माझा नवरा कोल्बी ओहायो नदीवर, मालाचे तराफे, म्हणजे बार्ज, ढकलणाऱ्या बोटीवर; अठ्ठावीस दिवस घरी नाही. आमच्या तान्ह्या टेसीला दात येत होते, अंग गरम. तिला कडेवर घेऊन मी बीन्स ढवळत होते, तेवढ्यात पॅपॉ, म्हणजे माझे सासरे होबर्ट, दारात उभे राहिले. टोपी हातात.

"नळीला गंज धरला असेल. पुसून आणतो."

"कॉफी घेता?"

"नको."

"मक्याचा ब्रेड तरी? आत्ताच काढलाय."

"पोरीचं बघ तू," ते म्हणाले.

मी कपाटातून फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली नळी काढून दिली. खरं सांगायचं तर, एक काम उरकलं असंच वाटलं. त्यांनी टेसीच्या पायाला बोट लावलं आणि ते गेले. त्यांचा ट्रक पुलापलीकडे गेल्यावर मी कपाट लावायला वळले. खालच्या फळीवर तेलाचा डबा होता. शेजारी नळी साफ करायची दोरी आणि चिंध्या. ते सगळं नळीबरोबरच राहतं, त्यांनीच तसं लावून दिलेलं. पुसायला निघालेला माणूस तेल न मागता गेला होता.

मी शेगडी बंद केली आणि आत्याला फोन लावला.

"गेली नळी," मी म्हटलं.

तिने एकदाही 'सांगितलं होतं ना' म्हटलं नाही. "तू निघ. मी मागोमाग येते. आणि रडायचं असेल तर पोचल्यावर रड, वळणं वाईट आहेत."

मी रडले नाही. टेसीला सीटमध्ये पट्टा लावला, तेलाचा डबा मांडीवर घेतला आणि घळीतल्या रस्त्याने वर निघाले. त्यांच्या घराजवळ गाडी कोठाराच्या आड लावली. काच थोडी खाली केली. टेसी झोपली होती. आत्याचा ट्रक वळणावर दिसेपर्यंत मी उतरले नाही. मी आई आहे; पोरीला गाडीत एकटं सोडायचं की चार मिनिटं थांबायचं, ते गणितही मलाच करावं लागलं. आत्याने टेसीजवळ उभं राहून मला नुसतं घराकडे बोट केलं.

ते टेबलाशी बसले होते. रायफल जोडलेली, मेणकापडावर आडवी.

"तेल विसरलात," मी म्हटलं.

"हो का."

मी त्यांच्या समोरची, सासूबाईंची, म्हणजे ओपलची, खुर्ची ओढली. काय विचारायचं ते रस्त्यात ठरवून ठेवलं होतं, आडून नाही विचारायचं. "पॅपॉ, जीव द्यायचा विचार करताय का?"



"ओपल गेल्यापासून या घरात माझ्यावर कुणी ओरडलं नाही," ते म्हणाले.

"मी ओरडू?"

"तुला नाही जमायचं. कॉलेजात शिकवत नाहीत ते."

"मग हे शिकवा. कशी मोकळी करायची ते सांगा. मी हात लावते, तुम्ही नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, बहिणीच्या ट्रककडे. "हिलाही घेऊन आलीस."

"तिनेच मला पाठवलं."

"नळीचं तोंड भिंतीकडे," ते अखेर म्हणाले. "बोट चापापासून लांब. आता दस्ता उघड."

गोळ्या मी टेबलावरच्या रिकाम्या वाडग्यात ओतल्या. आत एखादी राहते, म्हणून त्यांनी मला दोनदा बघायला लावलं, मग तिसऱ्यांदा. नंतर पीळ. माझ्याने फिरेना. "उलटा फिरवतेस," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. मी दुसऱ्या बाजूला फिरवला. तुकडे वेगळे झाले.

आता नळी माझ्याकडे कुलपात आहे. दस्ता आत्याच्या घरी, गोळ्याही. तिला शेवटी अर्धी रायफल मिळाली, हे ती दर रविवारी त्यांना ऐकवते. गुरुवारी मी त्यांना डॉक्टरकडे नेते. ते कुरकुरतात, पण तयार होऊन बसलेले असतात. रात्रीचं जेवण आमच्याकडे. सप्टेंबरात रायफल जोडायची की नाही, ते सप्टेंबरात बघू. कोल्बी, पॅपॉ, आत्या आणि मी, आम्ही चौघं टेबलाशी असलो तरच.

तुमच्याही ओळखीत कुणी असेल, नुकतंच एकटं पडलेलं, ज्याने या आठवड्यात दिलेली वस्तू परत नेली किंवा कॉफीला नाही म्हटलं. फोन ठेवा आणि आज जाऊन बघा. निमित्त काहीही चालेल, मी तर तेलाचा डबा नेला होता. आणि आडून विचारू नका.