लाइन बंद असताना

मुलाने दूरच्या शहरातून हट्टाने छपरावर सोलर बसवून दिलं, तेव्हा मावशींना वाटलं, चला, विजेची कटकट एकदाची मिटली. घरात एकटा जीव. सोबतीला म्हणाल तर रेडिओ. तोच दिवसभर स्वयंपाकघरात बडबडत असायचा.

आणि एका दुपारी वीज गेली. रेडिओ मुका, पंखा ठप्प. बाहेर ऊन मी मी म्हणत होतं आणि छपरावरची पॅनेल नुसती शोभेला! मावशींचा पारा चढला. सोलर बसवणारी मुलगी मागच्याच गल्लीत काम करत होती. निरोप मिळून ती दारात येताच मावशींनी तोफ डागली, "सूर्य काय रजेवर गेलाय का गं? चांगलीच टोपी घातलीत मला!"

मुलगी हसली. भिंतीवरच्या इन्व्हर्टरचा लाल दिवा दाखवत म्हणाली, "बिघडला नाहीये मावशी, मुद्दाम बंद होतो तो. तुमच्याकडे बॅटरी नाही, सोलर थेट बाहेरच्या लाइनला जोडलंय. लाइन गेल्यावरही हा चालू राहिला, तर तुमची वीज उलटी तारांमध्ये जाईल. आणि खांबावर कुणी दुरुस्तीला चढला असेल, तर तो बिचारा लाइन बंद आहे समजून तार हातात..."

तिचं वाक्य अर्धंच राहिलं. मावशींनी तिला हाताने थांबवलं आणि त्या खुर्चीत बसल्या.

"आमचे हे लाइनमन होते," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी आली. कुणाच्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही."

मुलीने पाणी आणून दिलं, जवळ बसली. "बॅटरी घेतली, तर लाइनपासून तोडून घरापुरती वीज चालवता येते. बघा विचार करून," म्हणाली आणि कामावर परत गेली.

घर पुन्हा गप्प झालं. मावशी खिडकीशी गेल्या. कोपऱ्यावरच्या खांबाला शिडी लावलेली, वर कमरेला पट्टा बांधलेला एक माणूस. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. ओळखीचा ना पाळखीचा. मावशी गज घट्ट धरून उभ्या राहिल्या. त्याचे पाय जमिनीला टेकले, तेव्हा कुठे त्यांनी गज सोडले.

त्याने शिडी खांद्यावर टाकली आणि मान वर न करताच तो निघाला. 'सांभाळून जा रे,' मावशींच्या ओठांवर आलं होतं. पण हाक बाहेर पडण्याच्या आत तो वळणाआड गेला.