वरचं नाव

गैबीने शिवाप्पाचं नाव वर लावलं आणि स्वतःच्या पोराचं, रशीदचं, खाली. छापखान्यात वीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस तो. लग्नपत्रिकेपासून मयताच्या चिठ्ठीपर्यंत सगळं त्याच्या बोटांखालून गेलेलं. पण आज कुस्तीचा निकाल लागायच्या आधीच त्याला रशीदच्या हरण्याचा मथळा जुळवून ठेवायचा होता.

हुकूम मालकांचा, विरूपाक्षप्पांचा. त्यांचं साप्ताहिक कोल्हापुराहून सहाच्या गाडीने मिरजेकडे जायचं. पाचाला यंत्र सुरू झालं नाही, की अंक फलाटावर आणि गाडी पुढं रुकडी ठेसनात. त्यात मोठे लाकडी टाईप एकाच मथळ्यापुरते, म्हणजे दोन्ही निकाल तयार ठेवायची सोय नाही. "शिवाप्पाच मारतोय कुस्ती," मालक सकाळीच म्हणाले होते, "त्येचं लावून ठेव. काय इपरीत घडलंच तर नावं बदल." कुस्तीच्या बातमीची रीत साऱ्या मुलखाला पाठ होती. जिंकलेला वर, हरलेला खाली.

गैबीला हरण्याची भीती नव्हती. हरलेली पोरं घरी येऊन चार भाकरी जास्तच खातात. त्याला भीती होती रशीदच्या मानेची. शिवाप्पा मान धरायचा. मागल्या साली त्याच्या जोडीचा पैलवान मैदानातून बाजेवर घातलेला, तो अजून बाजेवरच होता.

आणि असा हा शिवाप्पा माणूस म्हणून कसा, तर गरीब गाय! आठवड्यापूर्वी छापखान्याच्या दारातून वाकून आत आला होता. "मामा, माझं नाव जरा मोठं घाला की. आव्वाला वाचाय येत न्हाय, पर माझं नाव कसं दिसतंय ते म्या तिला दावून ठिवलंय. वर दिसलं की ती देवाला निवद करती. खाली दिसलं की पेपर घडी करून ठिवती, कुणाला इचारत बी न्हाय." रायबागेजवळच्या खेड्यात ती त्याची आई, मल्लव्वा, एकटी राहायची. गैबीने त्याला गूळ-पाणी दिलं होतं. द्वेष करावा तर तोही करता येईना.

साडेचार झाले. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागेचं मैदान छापखान्याच्या मागच्याच अंगाला. हलगी कडाडत होती, माणसं ओरडत होती. मालक घड्याळ आणि गैबी यांच्यामध्ये येरझारा घालत होते, जणू त्यांच्या चालण्याने काटा थांबणार होता.

एकदम मोठी आरोळी उठली. भिंती हादरल्या.

"झाला निकाल!" मालक म्हणाले.

गैबीने कान दिला. कुस्ती निकाली झाली की हलगी दुप्पट वाजते, ही रीत. पण आरोळी विरली आणि हलगी वाजलीच नाही. सगळं मैदान गप्प झालं. मागल्या साली हलगी अशीच गप्प झाली होती.

"मालक, हलगी..."

"ऐकतोय मी बी," मालक हळू म्हणाले.

बातमी आणायला गेलेला जोतीराम गर्दीतून सुटून यायला पाव तास लागला. त्या पाव तासात गैबीने मनातल्या मनात रशीदला चारदा पुरलं. रशीदच्या आईला, खैरुनबीला, काय सांगायचं तेही ठरवलं.

जोतीराम धापा टाकत आत आला. "गैबीचाचा, रशीदनं मारली की!"

"जिता हाय?"

"हाय. पर शिवाप्पा उठंना झालाय. मानेवर पडला. पाय हालंनात. रशीद त्येचं डोस्कं मांडीवर घिऊन बसलाय. फेटा बांधून घेत न्हाय, कुणाला हलगी वाजवू देत न्हाय. आता दवाखान्यात नेत्यात."

गैबीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची त्याला लगेच लाजही वाटली.

"अल्लानं राखलं तुला. आता नावं बदल," मालक म्हणाले. "धा मिनिटं हाईत."

गैबीने शिवाप्पाचं नाव उचललं, ते खाली ठेवणार तोच थांबला. उद्या सकाळी मल्लव्वाच्या हातात हा अंक पडेल. नाव खाली दिसेल. लेक हरला एवढंच समजून ती पेपर घडी करून ठेवेल आणि शेण काढायला जाईल.

"तार करू की," मालकांनी सुचवलं.

"तार म्हंजे मढं, मालक. तार बघूनच म्हातारी जाग्यावर बसंल. पेपर ती लेकाचा म्हणून हातात घेती."

"मग नाव वर ठेवतोस? निवद करंल ती!"

"दोन नावं दिसली तर ती कुस्ती समजंल. एकच नाव दिसलं तर घाबरंल, कुणाला तरी वाचाय लावंल." गैबीने रशीदचं नाव काढून पेटीत टाकलं. वर फक्त 'शिवाप्पा' राहिला. खाली त्याने जुळवलं: 'कोल्हापुरास दवाखान्यात आहे. आईने मिळेल त्या गाडीने यावे.'

"अरं, खासबागेतली एवढी कुस्ती, आणि जिंकलेल्याचं नावच न्हाय? लोक हसतील मला!"

"आतल्या पानावर घालू, बारीक. पोरगा माझाच हाय, मालक. माझी तक्रार न्हाय."

विरूपाक्षप्पांनी घड्याळ पाहिलं, गैबीकडे पाहिलं, आणि बाह्या सारून स्वतःच यंत्राच्या दांड्याला हात घातला. गाडी मिळाली.

दिवेलागणीला गैबी दवाखान्यात पोचला. रशीद ओसरीवर बसला होता. अंगावरची कुस्तीच्या हौद्याची माती तशीच.

"पाय हालला?"

"न्हाय अजून. अब्बा, शिवाप्पाच्या आव्वाला कळवलं?"

"कळवलं. उद्या येईल ती."

"मी तिला काय सांगू?"

"मी असतो की संगं," गैबी म्हणाला. दिवसभर तो लेकाच्या जिवासाठी भ्यालेला. लेक तर समोर धडधाकट बसला होता, पण उद्याच्या गाडीतून उतरणाऱ्या मल्लव्वाच्या तोंडाकडे बघायची भीती आता त्याला वाटू लागली.