मडगार्डवरची जागा

कावळा काही शिवेना.

घाटाच्या खालच्या पायरीवर मानसिंगच्या नावाचं पान वाढून ठेवलं होतं. भाताचा पिंड, त्यावर दही, शेजारी त्याला आवडायचा म्हणून खर्डा आणि भाकरी. करंजाच्या झाडावर कावळे नव्हते असं नाही. ते ओळीने बसून खालची मंडळी न्याहाळत होते. पण उतरायचं नाव नाही. ऊन चढत चाललं होतं आणि भटजींना कोरेगावला अजून एक दहावा उरकायचा होता.

"आबा, आईला मी सांभाळतो," मुंडण केलेला शंभूराज वडिलांच्या पानासमोर हात जोडून म्हणाला. मानसिंगचा हा एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरीला होता. "पुण्याला न्हेतो तिला."

"पुन्याला न्हेतो म्हनू नगंस," त्याची आई, विजयमाला, मागून म्हणाली. "मला जायाचं न्हाई, आन् त्यास्नी बी ते पटायचं न्हाई."

शंभूराज बाजूला झाला. मग आप्पासो पुढे सरकला. हा मानसिंगचा चुलतभाऊ. दोघांचं बांधावरून वाकडं होतं, तेही इतकं जुनं की मूळ बांध कुठे होता हे आता दोघांनाही सांगता आलं नसतं. आप्पासोने घसा खाकरला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मान्या, बांधाचं मिटलं बग. मी फुडं सरकनार न्हाई. तू बिनघोर जा."

अख्खी भावकी चपापली. कोर्टात झालं नाही ते घाटावर झालं. कावळ्यांना मात्र त्याचं काहीच वाटलं नाही.

या सगळ्यांपासून जरा बाजूला, वरच्या पायरीच्या कडेला, प्रशांत उभा होता. पांढरा शर्ट, कानात मशीन, हात मागे बांधलेले. त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात पिंड नाही, श्राद्ध नाही, कावळ्याला कुणी विचारलेलं नाही. गावातल्या दहाव्याला तो जायचा तो माणसांसाठी, आणि उभा राहायचा तो असाच कडेला. पण आज त्याच्या पायांना उभं राहणं जड जात होतं. गेले दहा दिवस त्याला धड झोप नव्हती. मानसिंग छातीत कळ येऊन ट्रॅक्टरवरच गेला होता, कारखान्याच्या आवारात, उसाच्या रांगेत नंबर यायची वाट बघत.

तो ट्रॅक्टर आता घाटाच्या वर उभा होता. सकाळी बायकांना ट्रॉलीतून आणायला शंभूराजने चावी फिरवली तेव्हा टपावरचे दोन्ही स्पीकर असे काही किंचाळले की ट्रॉलीत चढणारी एक म्हातारी खाली पडता पडता वाचली. दहाव्याला कसली गाणी, म्हणत शंभूराजने घाईघाईने पेनड्राइव्ह उपसून खिशात टाकला. हंगाम संपला की तो ट्रॅक्टरही देऊन टाकणार होता.

मानसिंगच्या ट्रॅक्टरची गाणी साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. उसाच्या ट्रॅक्टरवर स्पीकर सगळेच लावतात. कुणी लावणी लावतं, कुणी हिंदी, कुणी आपल्या नेत्याचं गाणं. मानसिंगच्या ट्रॅक्टरवर आयर्न मेडन वाजायचं. बँड इंग्लंडचा, हेवी मेटलचा; गावाच्या भाषेत 'मान्याचं कोकलणं'. आणि ते वाजत असताना मडगार्डवर ठरलेला माणूस बसलेला असायचा, तो म्हणजे प्रशांत. तो त्याच कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये, ऊस चिरडणाऱ्या यंत्रांच्या गदारोळात, फिटर होता. पाळी सुटली की घरी जायच्या आधी रांगेतला मानसिंगचा ट्रॅक्टर शोधायचा, मडगार्डवर चढायचा, आणि दोघं काही न बोलता माना हलवत बसायचे. गेल्या वर्षी प्रशांत निवृत्त झाला, तरी सायकल काढून यायचा.

हे खूळ कॉलेजच्या वयातलं. मानसिंगचा चुलता फौजेत होता. त्याला पलटणीतल्या एका मिझो जवानाने कॅसेट दिली होती. चुलत्याने ती एकदाच लावली आणि टेप बिघडला असं समजून पोरांकडे टाकून दिली. विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीत दोघांनी ती लावली. शब्द एक कळला नाही. पण असं काहीतरी आपल्याला हवंच होतं, असं प्रशांतला वाटलं. त्या काळी मानसिंगच्या घराच्या उंबऱ्याच्या आत जायला त्याला अजून काही वर्षं लागायची होती. विहिरीवरच्या खोलीत मात्र दोघं पहिल्या दिवसापासून एकाच पोत्यावर बसले. पुढे सांगलीला जाऊन दोघांनी काळे टी-शर्टही छापून घेतले. दुकानदाराने कॅसेटच्या वेष्टनावरचा तो हाडांचा सापळा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "कुठलं मंडळ म्हनायचं हे?" मानसिंगने शांतपणे सांगितलं, "हितलं न्हाई. लांबचं हाय." त्याचा टी-शर्ट शेवटी ट्रॅक्टर पुसायला लागला. प्रशांतचा अजून कपाटात होता.

आणि आता प्रशांतला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. दोन वर्षं झाली होती. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की मिल हाऊसने कान खाल्ले. बँडवर आळ आला नाही, याचं त्याला त्यातल्या त्यात बरं वाटलं होतं. मशीन लावलं की माणसाचं बोलणं कळायचं, पण गाणं म्हणजे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं व्हायचं. हे त्याने बायकोला सांगितलं, पिंकीला, म्हणजे मुलीला सांगितलं. मानसिंगला नाही सांगितलं. दोन वर्षं तो मडगार्डवर बसून नुसता मानसिंगच्या मानेकडे बघायचा, आणि ती हलली की आपली हलवायचा. सांगितलं असतं तर मानसिंगने स्पीकर बंद केले असते. मग रांगेत जाऊन बसायला कारण काय उरलं असतं?

"लावा की त्येचं ते कोकलनं," आप्पासो वैतागून म्हणाला. बांध सोडूनही उपयोग झाला नव्हता, हे त्याला लागलं होतं. "हायती ती कावळी बी पळून जातील, म्हंजे सुटलो."

कुणी हसलं नाही. विजयमालाने पदर सावरला आणि थेट वरच्या पायरीकडे बघितलं.

"परशांत भावजी, तुमी या फुडं."

"मी कशाला, वैनी? मला ह्यातलं काय कळतंय."

"त्यांचा जीव कशात आडकलाय ते मला ठावं हाय. बेंगलोरचं ऱ्हायलं. जाऊन येतो म्हनून तुमी सांगा त्यास्नी."

प्रशांतला वाटत होतं, ते बेंगलोर फक्त दोघांनाच माहीत आहे.

दोन हजार सात सालचा मार्च. तो बँड भारतात, बेंगलोरला येणार होता. दोघांनी पुण्याच्या ओळखीतून तिकिटं मिळवली होती, घरी कुणाच्या तरी लग्नाचं निमित्त सांगितलं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी कारखान्याच्या चिटबॉयचा, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्याचा, निरोप आला की उद्या तोडीची टोळी तुमच्या फडात येतेय. टोळी परत पाठवली तर ती दुसऱ्याच्या फडात जाते, आणि मग ऊस मे महिन्यापर्यंत उभा वाळतो. मानसिंग म्हणाला, "तू जा, गड्या. एकानं ऐकलं म्हंजे दोघांनी ऐकलं." प्रशांत साताऱ्याच्या स्टेशनात गेला. गाडी आली, उभी राहिली, निघून गेली. सकाळी तो फडात हजर झाला. मानसिंगने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या डोक्यावर उसाची मोळी दिली. त्यानंतरही तो बँड आला, पण नेहमी गळीत हंगामातच. इंग्लंडच्या माणसांना उसाचं काय कळणार. दर वेळी मानसिंग म्हणायचा, फुडच्या टायमाला.

सगळे प्रशांतकडे बघत होते. शंभूराजने हात धरून त्याला खाली आणलं.

तो पानासमोर उकिडवा बसला. एक वाक्य म्हणायचं होतं, जाऊन येतो. पुढच्या वेळी ते कधी येतील, येतील की नाही, कोण जाणे. तेही सत्तरीला टेकले होते. आणि जाऊन करायचं काय? ज्याला ऐकू येत नाही त्याने मेलेल्या माणसाला ऐकून येतो म्हणून सांगायचं. मेलेला माणूस ऐकत नसतो हे प्रशांतला वडिलांनी लहानपणीच शिकवलं होतं, म्हणजे खोटं बोलायलाही हरकत नव्हती. तरी जीभ वळेना. दोन वर्षं मान हलवून तो खोटंच बोलला होता. आज त्याच्यात तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

त्याने पानावर वाकून तोंडातल्या तोंडात पुटपुटायला सुरुवात केली.

"मान्या, मला ऐकू येत न्हाई रं. दोन वर्सं झाली. तुज्याकडं बघून मान हलवत हुतो. तू जा म्हनशील तर जातो मी बेंगलोरला, हुबा ऱ्हातो गर्दीत. पर ऐकून आलो म्हनून सांगनार न्हाई. तेवढं माज्याच्यानं हुयाचं न्हाई."

त्याला वाटलं, आपण पुटपुटतोय. कान गेलेल्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज राहत नाही. शब्द न् शब्द वरच्या पायरीपर्यंत गेला. आप्पासोने टोपी काढून हातात घेतली. प्रशांतने मान वर केली तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि आपण किती मोठ्याने बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. तो ओशाळला.

मंडळी मागे सरकून थांबली. एक कावळा खालच्या फांदीवर आला, पानाकडे बघत बसला आणि परत वर गेला. एवढंच. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिववला आणि विधी पुरा झाला. लोक कपडे झटकत उठले. काही बायकांनी विजयमालाकडे कणवेने बघितलं. नवऱ्याचा जीव मागे राहिला, असंच आता गाव म्हणणार होतं.

प्रशांत सायकलकडे निघाला तेव्हा विजयमालाने त्याला ट्रॅक्टरपाशी गाठलं.

"म्हंजे दोन वर्सं नुसतंच बसत हुता व्हय?"

"व्हय, वैनी." त्याला मान वर करवेना. "त्याला सांगितलं असतं तर त्यानं बंद केलं असतं."

तिने ट्रॅक्टरच्या सीटवरून हात फिरवला. मग म्हणाली, "त्यांचं डोस्कं दुकायचं. लय दुकायचं त्या गान्यानं. घरी आलं की फडकं बांधून पडायचं. मी म्हनायची, मग लावता कशाला? तर म्हनायचं, परशांत येतोय की. माज्यापायी त्येचं बेंगलोर बुडलं, तो गाडी सोडून फडात आला. आता हितं तरी ऐकू दे त्येला."

प्रशांतने ट्रॅक्टरच्या चाकाला हात टेकला. कारखान्याच्या आवारात बसलेले दोघं त्याच्या डोळ्यांसमोर आले. एकाला ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याला ऐकवत नव्हतं, आणि दोघांच्या माना हलत होत्या. त्याला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. त्याने दोन्ही दाबून धरलं. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"मला सांगायचं न्हाई व्हय त्यानं," तो म्हणाला.

"तुमी तरी कुटं सांगितलं?"

बायका ट्रॉलीत चढल्या. शंभूराज सीटवर बसला. प्रशांतला सायकल घ्यायची होती, पण विजयमालाने ती आप्पासोला आणायला सांगितली. "तुमी बसा तुमच्या जाग्यावर," ती म्हणाली आणि ट्रॉलीत जाऊन बसली. तिथून तिने मुलाला हाक मारली.

"शंभू, लाव रं त्यांचं ते."

"आई, आज? लोक काय म्हणतील?"

"कावळा शिवला न्हाई तर लोक म्हननारच हायती. लाव तू. मोट्यानं लाव."

शंभूराजने खिशातून पेनड्राइव्ह काढला. तो पिंकीनेच भरून दिलेला होता. टपावरचे स्पीकर गरजले तसे करंजावरचे सगळे कावळे एकदम उडून नदीपलीकडे गेले. भटजींची मोटारसायकल रस्त्यावर दचकून वळली. ट्रॉलीतल्या बायकांनी कानांवर पदर घेतले. विजयमालाने घेतला नाही. ती समोर बघत ताठ बसून राहिली.

प्रशांतने कानातलं मशीन काढून वरच्या खिशात ठेवलं आणि तळहात मडगार्डवर टेकला. आधी नुसती इंजिनाची धडधड आली. ती त्याच्या ओळखीची होती. मग तिच्या खालून दुसरं काहीतरी पत्र्यातून हातात चढायला लागलं. जाड, एका ठेक्यात येणारं. कुठलं गाणं, ते त्याला थोड्या वेळाने कळलं.

शंभूराज गाडी चालवता चालवता त्याच्याकडे बघत होता. पण प्रशांतचं कुणाच्या मानेकडे लक्ष नव्हतं. त्याची मान आपली आपण हलत होती. फाटा आला, उसाने भरलेला एक ट्रॅक्टर कारखान्याकडे गेला, त्याच्या ड्रायव्हरने हात वर केला. प्रशांतने हात वर केला नाही. घर येईपर्यंत त्याने तो मडगार्डवरून उचललाच नाही.