चहा प्यालेला रेडिएटर

'घोड्यावर बसायच्या आधी लगाम तपासावा आणि बोलायच्या आधी जीभ,' असं दोलगोर म्हातारी आपल्या लेकाला, छुलूनला, जन्मभर सांगत आली. लेकानं दोन्हीतलं एकही केलं नाही. "ह्या शिंगराला तासाभरात मऊ करतो," असं चारचौघांत बोलला आणि तासाभरात स्वतःच मऊ होऊन कुंपणापाशी पडला. खांद्याचं हाड मोडलं, उजवा हात गळ्यात आला. तेही एक वेळ चाललं असतं. पण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच आठवड्यात ट्रकचा रेडिएटर फुटला.

तो निळा कोरियन ट्रक म्हणजे ह्या घराचं ओझ्याचं जनावर. वर्षातून चार वेळा नमद्याचा अख्खा तंबू, चूल, पेट्या, म्हातारी, सगळं पाठीवर घेऊन नव्या गवताकडे जायचा. रेडिएटर उन्हाळ्यापासूनच ठिबकत होता. छुलूननं त्यात कणीक घातली, मोहरीची पूड घातली, चिरेवर साबण चोळला. "आता बघ, दहा वर्षं हलायचा नाही!" म्हणाला. दहा दिवसांत चीर वरपासून खालपर्यंत गेली. मग नवा रेडिएटर आणि कूलंटचा एकुलता एक कॅन राजधानीहून बसनं तालुक्याला, तिथून कुणाच्या तरी जीपमधून काल दारात आला.

वेळ मात्र हातातून निघाली होती. शेजारचा गेंदेन त्यांची मेंढरं आपल्या कळपात घेऊन परवाच खिंडीपलीकडे हिवाळी तळाला गेला होता. लामानं पंचांग पाहून उद्याचा दिवस दिलेला. त्यानंतरचा चांगला दिवस नऊ दिवसांनी, आणि रेडिओ तर बर्फ बर्फ म्हणून कोकलत होता. खिंड एकदा भरली की मेंढरं तिकडे, माणसं इकडे, आणि उघड्या माळावर ऐंशीची म्हातारी. छुलूनला रात्रभर झोप लागली नव्हती.

"टेकडीवर जाऊन कुणाला तरी फोन लावतो," तो सकाळी म्हणाला.

"कुणाला लावणार? सगळे गेले," त्याची बायको नोरोव म्हणाली. तिनं आधीच बाह्या वर सारल्या होत्या. "तोंड तुझं, हात माझे. तू सांग, मी करते."

"अगं, हे काय दूध घुसळणं आहे?"

"नाही ना! दूध घुसळायला अक्कल लागते."

दोलगोर तंबूच्या दारातून खुदकन हसली. छुलून उलट्या बादलीवर बसला आणि मास्तरासारखं सांगू लागला. खालचं बूच काढ, पाणी सोड. पुढची जाळी काढ. डिसमिस असा धर. नोरोव गपचूप करत होती. काढलेला प्रत्येक बोल्ट ती वाळवलेल्या दह्याच्या परातीत, ज्या जागचा त्या क्रमानं मांडत होती. छुलून नेहमी सगळे बोल्ट टोपीत टाकायचा आणि शेवटी दोन उरायचेच. हे त्याच्या लक्षात आलं.

एका जागी ती थांबली. "इथं बोल्ट नाही. दोरीनं बांधलंय. हे कुणाचं काम?"

"आधीच्या मालकाचं."

"असं होय! मग आधीच्या मालकाकडे माझ्या लाल देलाची नाडी कशी गेली?"

छुलून आकाशाकडे बघू लागला. सणावाराच्या त्या लांब अंगरख्याची नाडी तिनं वर्षभर शोधली होती, आणि शोधताना तोही तिच्याबरोबर पेट्या उपसत होता.

वरचा पाइप निघता निघेना. छुलून म्हणाला, "ओढ, जोर लावून ओढ!"

"ओढला तर फाटेल. वासराच्या तोंडातून आचळ ओढून काढतोस का तू?" तिनं गरम पाण्यात भिजवलेलं फडकं पाइपाला गुंडाळलं, शंभर मोजले आणि हळूच पिळला. पाइप सुटला. छुलूनचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

खरी गोम खालच्या पाइपाशी होती. त्याची क्लिप अशा बोळात, की ना डोळा पोचत ना माणसाचा पंजा. मागच्या खेपेला छुलूननं तिथं अर्धा दिवस शिव्या घातल्या होत्या आणि बोटांची सालटं काढून घेतली होती. नोरोव ट्रकखाली आडवी झाली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि डोळे मिटून घेतले.

"डोळे कशाला मिटलेस?"

"गप रे. अडलेलं कोकरू डोळ्यांनी बघून फिरवतात का?"

ह्या वसंतात तिनं अकरा आडवी कोकरं अशीच आतल्या आत फिरवून जिवंत बाहेर काढली होती. छुलून त्या प्रत्येक वेळी कंदील धरून उभा होता आणि ह्या हाताला एवढं कळतं हे त्याला आज, बादलीवर बसून कळत होतं. आतून टक् असा आवाज आला, क्लिप सैल झाली. दुपार कलायच्या आत जुना रेडिएटर गवतावर पडला होता आणि नवा जागेवर बसला होता.

आता खालची क्लिप पुन्हा आवळायची होती. "पाइप पुरता आत गेल्यासारखा वाटत नाही," ती खालून म्हणाली. "बोटाला कड लागतेय."

"ती कड असतेच. आवळ, आणि बास कर. जास्त आवळलंस तर प्लास्टिक तडकेल."

"नक्की?"

"तुझ्यापेक्षा चार गाड्या जास्त खोलल्यात मी!"

तिनं बोट पुन्हा एकदा कडेवर फिरवलं. मग त्याचं ऐकलं.

कूलंट एकच कॅन, ते सांडलं तर पुन्हा मिळायचं नाही. म्हणून आधी पाणी भरून बघायचं ठरलं. थंडी अशी की गार पाणी ओतवत नव्हतं. चुलीवर पाण्याची किटली तापत होती. शेजारी तसलीच दुसरी किटली होती, उद्या निघताना चूल नसणार म्हणून आजच करून ठेवलेल्या चहाची. दोलगोरच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पहिली किटली पाण्याची आली. "अजून आणा, आई," नोरोव म्हणाली. दुसरी आली. तिनं नवऱ्याकडे बघत ती सगळी ओतली आणि मग नाक वर केलं.

"आई, तुम्ही हे काय दिलंत?"

"पाणी."

"पाण्याला दुधाचा वास येतोय!"

छुलूननं वाकून पाहिलं. रेडिएटरच्या तोंडाशी मिठाचा दुधाळ चहा तरंगत होता, वर लोण्याचे ठिपके. तो असा हसला, की मोडलं हाड कळवळलं आणि तो हसत हसतच बोंबलला.

"हसू नकोस," म्हातारी ठसक्यात म्हणाली. "नव्या वस्तूला आधी दूध दाखवतातच. तुम्ही विसरलात, मी नाही."

"आता घातलाच आहे, तर इंजिन चालू करून बघू," नोरोव म्हणाली. "मग धुऊन टाकू, नाहीतर मीठ लोखंड खाईल." तिनं हीटर पुरता उघडला, इंजिन सुरू केलं आणि आतली हवा निघावी म्हणून वरचा पाइप घोडीचं दूध काढावं तसा दाबत राहिली. बुडबुडे आले, थांबले. इंजिन तापलं.

मग छुलूनला ते दिसलं. खालच्या काळ्या पाइपाच्या कडेला एक पांढरा थेंब उभा राहिला होता. तो पडला. दुसरा आला.

खाली सगळी चेसी सकाळच्या पाण्यानं ओलीच होती. साधं पाणी ठिबकलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. कूलंट भरलं असतं, सामान लादलं असतं, आणि खिंडीच्या चढावर म्हातारीसकट सगळे बर्फात अडकले असते.  आणि चूक कुणाची? पाइप आत गेला नाही हे त्या हातानं ओळखलं होतं. बास कर म्हणणारा तो होता.

"नोरोव," तो म्हणाला, "तुझं बोट खरं होतं. मी खोटा."

 इंजिन निवल्यावर ती पुन्हा खाली गेली, डोळे मिटले, पाइप रेटून कडेपलीकडे बसवला, आपल्या अंदाजानं आवळला. ह्या वेळी छुलून तोंडातून ब्र काढेल तर शपथ! तीन वेळा धुतलं, कूलंट भरलं. थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी दोलगोरनं चाकांवर दूध शिंपडलं, नोरोवनं ठेवणीतला लाल देल घातला आणि स्टेअरिंगवर बसली. खिंडीत, वाटसरू एकेक दगड वाहून जातात त्या राशीपाशी थांबल्यावर छुलून आधी ट्रकखाली वाकला आणि खालच्या पाइपावर डावा तळवा फिरवला. तळवा कोरडा निघाला. मग त्यानं राशीवर एक दगड ठेवला, आणि तिच्या वाटणीचा आणखी एक.

तळाला पोचले तेव्हा गेंदेन धावत आला. मागं खिंडीवर बर्फ पडायला लागलं होतं.

"शाब्बास रे पठ्ठ्या! एका हातानं रेडिएटर बदललास?"

बढाईला इतकी चांगली जागा छुलूनला आयुष्यात मिळाली नव्हती. ओठांपर्यंत आलेलं त्यानं गिळलं. "नोरोवनं बदलला. माझं ऐकत बसली असती, तर आम्ही अजून तिकडेच असतो."

गेंदेननं दोघांकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. "वहिनी, मग जरा आमच्या ट्रककडे पण... दोन आठवडे झाले ठिबकतोय."

"बघते. आधी एक किटली चहा ठेवा," नोरोव म्हणाली.

"बसून प्या की, निवांत!"

"प्यायला नाही हो," छुलून म्हणाला. डाव्या हातानं त्यानं पान्यांची पिशवी उचलली आणि तिच्या मागोमाग निघाला.