पायरीजवळचा काजवा

सिस्टर आणि त्यांचे शिंपी यजमान दुकानाच्या दारात दिसले, तसे फोटोमास्तर टीव्हीचा रिमोट शोधायला लागले. गल्ल्यावर नाही, खुर्चीखाली नाही, अल्बमांच्या ढिगामागेही नाही. हवा तेव्हा रिमोट सापडलाय कधी कुणाला! शेवटी ते स्वतःच टीव्हीपुढे आडवे उभे राहिले.

"या, या सिस्टर. बसा."

सिस्टरांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. "रजेच्या अर्जाला फोटो हवाय," त्या हसून म्हणाल्या. "मोडलाय हात आणि फोटो मागतात तोंडाचा. आहे की नाही गंमत?"

मास्तरांनीही हसून घेतलं.

शिंप्यांनी खिशातून कंगवा काढला आणि आरशापुढे बायकोचे केस विंचरायला घेतले. एका हातानं तिला ते जमत नव्हतं. "हळू हो! कापड नाही ते," सिस्टर करवादल्या.

"माझ्यामुळंच झालं हे सगळं," शिंपी आरशातून मास्तरांना म्हणाले. "जिन्यावरचा बल्ब गेला असं वाटलं होतं. चार दिवसांपूर्वी काढून घरात लावला, तर लख्ख पेटला! म्हणजे बसवताना मीच सैल ठेवला असणार. सुईत दोरा ओवतो मी, आणि साधा बल्ब आवळता येत नाही मला."

"दोन दिवस बोलले नाही मी यांच्याशी," सिस्टर म्हणाल्या. "मेलं एवढंसं काम!"

मास्तरांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

बल्ब त्यांनीच सैल केला होता.

झालं होतं ते असं. लेकीनं आपला जुना ॲक्शन कॅमेरा बापाला पाठवून दिला होता. काडेपेटीपेक्षा जरा मोठा, पण अख्खं आभाळ गिळणारा. रात्रभर थोड्या थोड्या वेळानं फोटो घ्यायचे आणि सलग पळवायचे, की तारे पाण्याच्या टाकीवरून सरकत जातात. मास्तरांनी गच्चीच्या कठड्यावर पहिला प्रयोग केला आणि लेकीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "बाबा, हे हिरवे ठिपके आणि पांढरा पट्टा कसला? समोरचा दिवा लेन्सवर येतोय. कॅमेऱ्यावरची काचेची डबी काढा, लेन्स पुसा, काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा करा. नाहीच जमलं तर कॅमेरा जरा फिरवा."

उभा जन्म फोटोत गेलेल्या माणसाला कालची पोर शिकवतेय! मास्तरांना ते झोंबलं. तरी त्यांनी डबी काढली, लेन्स पुसली. ठिपके कमी झाले, पट्टा गेला नाही. पुठ्ठा लावला तर तोच कोपऱ्यात दिसायला लागला, इतकी ती लेन्स आडवीतिडवी बघणारी. कॅमेरा फिरवला की टाकी चित्रातून जायची, आणि टाकीशिवाय त्या आभाळात काय मजा? राहिला तो समोरच्या घराचा बाहेरचा जिना आणि त्यावरचा एक बल्ब. शिंप्यांना सांगितलं असतं तर त्यांनी आनंदानं बंद केला असता. पण एवढ्याशा कामासाठी दार काय वाजवायचं, असं म्हणत मास्तर गुपचूप वर गेले आणि रुमालानं धरून बल्ब दोन वेढे फिरवून आले. सिस्टरांची दुसरी पाळी आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्या यायच्या आत पुन्हा आवळू, असं ठरवून ते गच्चीवरच्या खुर्चीत टेकले. डोळा लागला तो उजाडेपर्यंत.

सकाळी ऐकलं, सिस्टर जिन्यावरून पडल्या.

याच सिस्टर मास्तरांच्या आईच्या शेवटच्या आजारपणात ड्यूटी उतरून रोज यायच्या, पाठीवरच्या जखमा धुवायच्या. त्यांच्यापाशी जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. आज बोलू, उद्या बोलू करत मास्तर दुसऱ्या रस्त्यानं घरी जायला लागले. त्या रात्रीची ताऱ्यांची फिल्म मात्र त्यांनी दुकानातल्या टीव्हीवर लावली. लाज होती, नव्हती असं नाही. पण येणारा जाणारा थबकून "वा मास्तर!" म्हणायचा आणि त्या कौतुकाची चटक लाजेवर मात करायची.

"सरका की दादा," सिस्टर म्हणाल्या. "काय लपवताय? गल्लीभर बोलबाला आहे तुमच्या फिल्मचा."

सरकावं लागलं. पडद्यावर तारे टाकीवरून वाहत होते. ना ठिपका, ना पट्टा. "अगबाई, हे तर आपलं घर! जिना बघा हो, कसा काळाकुट्ट." सिस्टर पुढे वाकल्या. "आणि ते काय चमकलं?"

जिन्याच्या तळाशी एक बारीक उजेड उमटला आणि एका सेकंदात विझला. मास्तरांना तो पहिल्यापासून आवडायचा. गिऱ्हाइकांना ते मुद्दाम दाखवायचे, हा बघा काजवा.

"काजवा असेल," ते म्हणाले.

"काजवा कुठला! माझा मोबाईल तो," सिस्टर म्हणाल्या. "बॅटरी लावून चढत होते. पडले तसा हातातून उडाला आणि पेटताच राहिला. किती हाका मारल्या यांना. शेवटी मशीनचा आवाज थांबला तेव्हा आले खाली." त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "एवढ्यात संपतं होय हे? मला वाटलं होतं, रात्र सरतच नाही."

शिंप्यांनी मान खाली घातली. "मशीन चालू होतं ना. चुकलंच माझं."

ते ऐकवेना. मास्तर टीव्हीजवळ गेले आणि सरळ वायर उपटली.

"तुमचं नाही चुकलं," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "बल्ब मी सैल केला. माझ्या चित्रात पट्टा येत होता म्हणून. पुन्हा आवळणार होतो, झोप लागली. नंतर तोंड उघडवलं नाही."

शिंप्यांचा कंगवा केसांत तसाच राहिला.

"दार वाजवायचं होतंत," शिंपी म्हणाले. रागानं नव्हे. रागावले असते तर बरं झालं असतं. "मी बंद केला असता. आणि ही यायच्या वेळेला लावलाही असता."

सिस्टर नवऱ्याकडे वळल्या. "अहो," एवढंच म्हणाल्या आणि डाव्या हातानं त्यांच्या हातातला कंगवा काढून घेतला. मग त्या स्टुलावर जाऊन ताठ बसल्या.

"फोटो काढा. उशीर होतोय."

मास्तरांनी दिवे लावले, कॅमेऱ्यामागे गेले. गिऱ्हाइकाला म्हणायची त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. हनुवटी जरा वर, आणि लेन्सकडे बघा. आज त्यांनी एकही म्हटलं नाही. सिस्टर लेन्सकडेच बघत होत्या, पापणीही न हलवता. आणि मास्तरांचं बोट बटणावर होतं, ते काही केल्या खाली जाईना.