दिवसाचं पाणी

वाटणीच्या दिवशी हरीदादाने लवूचा दात पाडला. घर, मळा, काजूची झाडं सगळं बिनबोभाट वाटून झालं होतं. राहिला होता तो व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाटाचा प्रश्न. आमच्याकडे पावसाळी भात निघालं की व्हाळ अडवतात, पाटाने पाणी आणतात आणि डिसेंबरात त्याच मळ्यात दुसरं भात करतात. त्याला वायंगण म्हणतात. आता पाट एक आणि मळे दोन, म्हणजे एकाने दिवसा पाणी घ्यायचं, दुसऱ्याने रात्री. दादा थोरला, त्याने दिवस घेतला. त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

लवू एवढंच म्हणाला, "सहा ते सहा लिवया. घड्याळान."

"सहाक दिवस संपता?" दादाने त्याला मानगुटीला धरून बाहेर खळ्यात नेलं. जून महिना होता, पाऊस दोन दिवस उघडला होता आणि सात वाजत आले तरी खाडीकडच्या खिंडीतून ऊन थेट खळ्यात पडलं होतं. "ह्यो काय कंदील आसा? माझो तास गिळूक बघतंस?" आणि त्याने ठोसा मारला. लवू पस्तीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. तोंड धरून तो खालीच बसला. त्याची बायको दीपिका दारातून हलली नाही. पुढे झालं तर आपल्यालाही मिळेल, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

कागद मी लिहीत होते. मी अनुजा, दोघांच्या मधली. लग्न केलं नाही, हायस्कुलात भूगोल शिकवते. दादाने सांगितलं तसं मी लिहिलं: सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाणी हरिश्चंद्राचं, मावळल्यापासून उगवेपर्यंत लवूचं. लिहिताना हात अडखळला होता, हे कबूल करते. दरवर्षी मी फळ्यावर कललेली पृथ्वी काढते. आपल्याकडे जूनचा दिवस तेरा तासांचा आणि डिसेंबरचा अकरा, हे मुलांकडून घोकून घेते. वायंगणाचं पाणी सुरू होतं तेच मुळी डिसेंबरात. म्हणजे दादा ज्या तासासाठी भावाचा दात पाडत होता तो त्याला कधीच मिळणार नव्हता. उलट घड्याळाने मिळाले असते त्या बारा तासांतलाही एक तो स्वतःच्या तोंडाने लवूला देत होता. एका वाक्यात मी हे सांगू शकले असते. पण लवूच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. घे तुझा मोठा दिवस, असं मनात म्हटलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

दादाने आम्हाला वाढवलं, हे खरं आहे. आईवडील गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. माझं बी.एड. त्याच्या घामावर झालं. पण त्याने प्रत्येक घासाबरोबर एक रट्टाही दिला. त्याचे उपकार मी विसरले नाही आणि तो मला कधी आवडलाही नाही.

डिसेंबर आला. सूर्य सातच्या सुमाराला उगवायचा आणि सहा वाजून पाच मिनिटांनी मावळायचा. त्यात आमच्या मळ्याचं आणखी एक दुखणं. जूनमध्ये सूर्य उत्तरेला सरकून खिंडीत बुडतो, म्हणून शेवटपर्यंत दिसतो. डिसेंबरात तो दक्षिणेला सरकतो आणि साडेपाचलाच डोंगराआड जातो. उजेड असतो, सूर्य नसतो. लवू साडेपाचच्या ठोक्याला पाटाच्या तोंडाशी जायचा, चिखलाची आडण, म्हणजे पाटातला छोटा बांध, फोडायचा आणि पाणी आपल्याकडे वळवायचा. "सूर्य खंय आसा? दाखव माका," असं दादाला तोंडावर विचारायचा. जन्मात पहिल्यांदा त्याची बाजू वरचढ होती आणि ती त्याच्या चालण्यातही दिसायला लागली होती.

जानेवारी अर्धा सरला तोवर दादाच्या मळ्याचे शेवटचे चार कुणगे, म्हणजे भाताचे वाफे, भेगाळले. बांधापलीकडे लवूचं भात हिरवंगार. दादाला काही कळेना. दिवस मोठा म्हणून मागून घेतला, मग पाणी पुरत का नाही? लवू चोरतो, असं त्याने ठरवून टाकलं. एका संध्याकाळी त्याने लवूला पाटातच आडवं केलं, पाठीत गुडघा रोवला आणि डोकं पाण्यात दाबून धरलं. दीपिकाने फावड्याचा दांडा त्याच्या खांद्यावर हाणला तेव्हा कुठे त्याने पकड सोडली. मग वळून तिच्या पोटात लाथ घातली. मी शाळेतून आले तर ती ओटीवर गुडघे छातीशी घेऊन पडलेली आणि लवू खळ्यात चिखल ओकत बसलेला.

"कागद बदलूया," मी लवूला म्हटलं. "सहा ते सहा करूया. नाय तर तो तुझो जीव घेतलो."

"घेऊंदे. कागद त्याचोच, त्यानाच लिवन घेतल्यान. दात घालवन गावललो आसा माका ह्यो कागद."

"माका भिती वाटता, ताई," दीपिका ओटीवरून म्हणाली.

भीती मलाही वाटत होती. पण खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटत होती. दादासमोर जाऊन मी दोन वाक्यं बोलायला हवी होती. ती बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून लवू कमरेला कोयता अडकवून पाटावर जायला लागला आणि मी तेही बघितलं.

दादाला शेवटी सांगितलं ते फॉस्टिनने. फॉस्टिन आमचा शेजारी, तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढून परत आलेला. शनिवारी संध्याकाळी नाक्यावरच्या हॉटेलात दादा लवूच्या नावाने शिव्या घालत होता, आपले दिवसाचे तास चोरीला जातात म्हणत होता. फॉस्टिनला हसू आवरलं नाही.

"अरे हरी, चोरता कोण? थंडीत दिवसच ल्हान. हयसर दोन तास गेले म्हणान रडतंस? मी नॉर्वेच्या टोकाक गेललंय, थंय डिसेंबरात सूर्य वरच येणा नाय. दोन म्हयने. थंय ह्यो कागद केलो असतंस तर तुका थेंब गावलो नसतो. आणि जूनात सूर्य बुडणा नाय, तेव्हा लवू तानेन मेलो असतो. जितक्या उत्तरेक जाशीत तितको फरक वाढता." आणि चहाचा घोट घेऊन पुढे म्हणाला, "तुझी भयण ह्याच शिकवता मा शाळेत? तिका इचारूचा होतंस."

हॉटेलातली माणसं हसली. दादाला कुणी हसलंय असं आमच्या वाडीत तोवर घडलं नव्हतं. हे सगळं फॉस्टिनने मला नंतर सांगितलं, मान खाली घालून.

मी आणि दीपिका तेव्हा मळ्याच्या कडेला लाल भाजी काढत होतो. लवूने नुकतंच पाणी वळवलं होतं. दादा नाक्यावरून सरळ माझ्याकडे आला.

"तुका ठावक होता?"

"होय."

"वाटणीच्या दिसाक?"

"होय. तू माका इचारूकच नाय."

हे मी चवीने बोलले. इतक्या वर्षांचे रट्टे त्या एका वाक्यात परत केले, असं वाटलं मला. आता ते वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते. दादाने मला मारलं नाही. बांधावरचं फावडं उचललं आणि तो लवूकडे चालू लागला.

"सूर्य अजून वर आसा," म्हणत त्याने लवूची आडण फोडली. पाणी परत दादाच्या मळ्याकडे धावलं. लवूने चिखल ओढून ती बुजवली. दादाने पुन्हा फोडली. मी मोबाइल बघितला, सहा वाजून दहा मिनिटं झाली होती; जानेवारी सरताना मावळायला सहा तेवीस होतात. "लवू, सोड," मी ओरडले, "तेरा मिनिटां रवली, घेऊंदे त्याका." दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले आणि मी त्यांना मिनिटं मोजून सांगत होते.

फावड्याची धार लवूच्या नडगीवर बसली. हाडाचा आवाज मला पाच हातांवरून ऐकू आला. तो पाटात कोसळला. दादाने फावडं पुन्हा उचललं, या वेळी डोक्याच्या नेमाने, यात मला शंका नाही. लवूने पडल्या पडल्या कोयता काढला आणि खालून वर चालवला.

फावडं पाण्यात पडलं. दांड्याला दादाची बोटं तशीच आवळलेली होती. उजवा हात मनगटापासून वेगळा झाला होता. दादा ओरडला नाही. मनगटाकडे बघत तो बांधावर बसला आणि रक्त पिचकारीसारखं लवूच्या तोंडावर उडत राहिलं. मी ओढणीने दंड आवळला. दीपिकाने भाजीची पिशवी रिकामी केली, त्यात तो हात ठेवला आणि मग ती ओकली.

कुडाळहून दादाला गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. हात जोडता आला नाही. लवू पायाला प्लास्टर घालून घरी बसला आणि रस्त्यावर गाडी वाजली की दाराकडे बघायचा. दादाने एकदा नाव घेतलं की तो काही वर्षं आत जाणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. दोन्ही मुली शाळेत जायच्या बंद झाल्या होत्या. दादाच्या पाया पडायचं, काय वाटेल ते कबूल करायचं, पण लवूला तुरुंगात जाऊ द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

चौथ्या दिवशी जबाब घ्यायला हवालदार आले तेव्हा मी खाटेशी उभी होते.

"बांधाला फांद्या तोडत होतो," दादा शुद्ध मराठीत म्हणाला. "कोयता निसटला."

हवालदारांनी पेन थांबवलं. "घाव उजव्या हातावर आहे. मग कोयता कुठल्या हातात होता?"

"डाव्या. मी डावखुरा आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लहानपणापासून," मी म्हटलं. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. मग दादाने डाव्या हाताने सही केली. पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी अक्षरं, ओळ सोडून खाली गेलेली. हवालदार सहीकडे बराच वेळ बघत राहिले. "अशक्तपणा असेल," एवढं म्हणाले आणि गेले.

मला रडू फुटलं. मी दादाचे पाय धरले. त्या क्षणी मला तो खरोखर आवडला.

"तू लवूक वाचवलंस, दादा."

"लवू जेलात गेलो तर माझो मळो कोण करतलो? तू?" त्याने पाय ओढून घेतले. "कागद काढ. दिवसाचा पाणी माझा, ता माझाच. पण लावतलो लवू. उगवल्यापासना मावळासर माझ्या मळ्यात. नांगरणी, लावणी, कापणी, सगळा. मगे रातीचा त्याचा तेना बघूचा. वायंगण झाला की पावसाळी, पावसाळी झाला की वायंगण. एक दिस चुकलो तर मी पोलिसाक सांगतंय, मी डावरो नाय."

"किती वर्षां?"

"माझो हात येयसर."

मी लिहिलं, हात परत येईपर्यंत. या वेळीही त्याने सांगितलं तसंच लिहिलं.

घरी आले तेव्हा लवू ओटीवर प्लास्टरचा पाय पुढे करून बसला होता. पोलीस आपल्याला न्यायला येणार नाहीत, हे मी त्याला आधी सांगितलं. दीपिकाने मुलींना जवळ ओढलं. मग मी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि त्यात काय आहे ते एकेक करून सांगितलं. लवूने तो उचलून वाचला नाही. 

"आता तरी खरा सांग," तो म्हणाला. "माझ्या वाट्याक कितके तास इले?"

"चोवीस," मी म्हटलं. "बाराय म्हयने."

त्याने पेन मागितलं आणि सही केली.