केळ्यातली गोळी

सकाळी दवाखान्यात निघण्याआधी बापानं तापाची गोळी चमच्यानं चिरडली, केळ्यात कालवली आणि टकल्याला भरवली. ठिणगीनं पाहिलं. तिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही हे बापाला ठाऊक होतं, म्हणून त्यानं आधीच डोळे वटारले.

"तोंड उघडलंस तर बघ."

"पण बाबा, अंग चांगलंच तापलंय त्याचं."

"म्हणूनच दिली ना! ताप दिसला की डोस पुढं ढकलतात. मागच्या खेपेला आठवडा गेला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? वेळ चुकवू नका. मग?"

ठिणगीचं टाळकं सटकलं. शाळाही तिनं सरांशी अशीच भांडून सोडली होती.

टकल्या तिचा धाकटा भाऊ. मानेला लिंबाएवढी गाठ आली तेव्हा जवळच्या डॉक्टरनं क्षय समजून औषधं दिली. पोरगं रोडावलं, गाठ तेवढी बाळसं धरत गेली. शेवटी मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला आणि नाव कळलं, हॉजकिन. गाठींचा कॅन्सर. "बरा होणारा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पण सगळे डोस घ्यायचे. अर्ध्यावर सोडायचं नाही." दोनच डोसांत गाठ लोण्यासारखी विरघळली. शेजारीपाजारी म्हणाले, झालं की बरं, आता कशाला पोराचे हाल? बाप कुणाचं ऐकला नाही. दर खेपेला मुकादमाच्या शिव्या खाऊन तो सुट्टी काढायचा. या वेळी मुकादमानं बजावलं होतं, उद्या दिसला नाहीस तर तुझ्या मशीनवर दुसरा माणूस.

दवाखान्यात टकल्याच्या खाटेपाशी सिस्टर ट्रे घेऊन आल्या. "काय टकलूशेठ, केस कधी विंचरणार?"

"तुमचा कंगवा द्या, आत्ता विंचरतो."

सगळे हसले. ठिणगी हसली नाही. टकल्याचा आवाज चिरका येत होता.

सिस्टरनं थर्मामीटर काखेत लावला. बाप भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच पंखा बघतोय.

"ताप नाही. परवाचं रक्तही ठीक आहे. खोकला, जुलाब, थंडी?"

"काही नाही," बाप म्हणाला. "खडखडीत आहे."

उलटीचं इंजेक्शन गेलं. सलाईन सुरू झालं. ट्रेमध्ये लाल औषधाची सिरिंज तयार होती. ठिणगीनं भावाकडे निरखून पाहिलं. खोलीत गारवा होता, तरी त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. ओठ सुकून पापुद्रे आले होते. हातावरची लव काट्यासारखी उभी होती.

सिस्टरनं सिरिंज उचलली.

बोलावं तर बापाची नोकरी जाते. गप्प बसावं तर? पहिल्या डोसानंतर याच सिस्टरनं दम भरला होता. या औषधानं अंगातली ताकद मरते, ताप आला तर घरी गोळी देऊन झाकू नका, सरळ इकडं पळा. बाप तेव्हा औषधं आणायला गेला होता. ऐकलं होतं ते ठिणगीनं. सांगायचं राहिलंही तिच्याकडूनच.

सिस्टरनं नळीचं टोक पुसलं.

"थांबा!" ठिणगी किंचाळली. शेजारच्या खाटेवरचं बाळ दचकून रडायला लागलं. "त्याला ताप आहे. गोळी दिलीय आम्ही. केळ्यातनं. झाकू नका म्हणाला होतात ना तुम्ही मला!"

"चहाडखोर!" टकल्या पुटपुटला.

बाप ताडकन उठला. त्याचा हात वर गेला, पण सिस्टर मध्ये आल्या. सिरिंज ट्रेत परत गेली. डॉक्टरीणबाई धावतच आल्या, टकल्याच्या पोटाला, मानेला हात लावून पाहिला आणि बापाकडे वळल्या.

"गोळी कधी दिली?"

"सकाळी. तुम्हीच म्हणाला होता ना, वेळ चुकवू नका!" बाप म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "म्हणाले होते. पण तापात हे औषध दिलं तर तापच पोराला खातो. डोस काही दिवसांनी देऊ, तेवढ्यानं बिघडत नाही. आता मात्र तो इथंच राहील."

पुन्हा रक्त काढलं. दुसरी बाटली लागली, जंतू मारायच्या औषधाची. रक्तातल्या पेशी परवापेक्षा निम्म्यावर आल्या होत्या. गोळीचा जोर ओसरला तसा टकल्या असा थडथडायला लागला की खाट वाजू लागली. दात वाजता वाजता म्हणाला, "ताई, मशीन चालू झालं बघ."

"गप रे मेल्या," ठिणगी म्हणाली आणि दुसरी चादर त्याच्यावर टाकली.

बाप पायथ्याशी बसून त्याचे तळवे चोळत होता. पोरीकडे त्यानं पाहिलं नाही. एका हातानं खिशातला फोन काढून मुकादमाला लावला.

"उद्या नाही जमणार... नाही, परवाही नाही... ठेवा मग दुसरा माणूस."

फोन ठेवला. थोडा वेळ तळवे चोळत राहिला.

"अजून काय काय सांगितलंय त्या सिस्टरनं?" तो खाली बघतच म्हणाला. "सगळं सांग. एकही सोडू नकोस."

ठिणगी खाटेच्या कडेला टेकली आणि सांगायला लागली.